लेखकाची साक्ष

२०१२ सालची गोष्ट. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी विकिपीडिया या लोकलिखित ज्ञानकोशातील आपल्याच ‘द ह्यूमन स्टेन’ कादंबरीवरील नोंद प्रथमच वाचली. तिचा नायक समीक्षक अनातोल ब्रॉयार्ड यांच्यावरून घेतल्याचा प्रवाद तीत होता. रॉथ यांनी कळविले, छे! प्रिन्स्टनचे प्राध्यापक मेल्विन ट्यूमिन या माझ्या स्नेह्यावर गुदरलेल्या प्रसंगातून तो सुचला. उत्तर आले की, लेखकाचा अधिकार मोठा खरा, पण दुय्यम आधार हवा.

रॉथ यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये अनावृत पत्रच लिहिले. गंमत अशी, की छापले जाताच तेच आधार ठरले! पण ही निव्वळ हेकटपणाची कथा नव्हे. समीक्षकांनी ब्रॉयार्डचे नाव घेतले होते, हीही घडलेलीच गोष्ट. नोंदीत पुढे रॉथ यांचा खुलासा आला, ब्रॉयार्डही राहिले.