धागा : विहीर कोणाची? रामटेकचे पानमळे आणि उन्हाळ्यातले पाणी

रामटेक म्हटले की गड, राममंदिर, वाकाटककालीन केवल-नरसिंह आणि कालिदासाच्या मेघदूताशी जोडलेली परंपरा आठवते. गडाच्या पायथ्याच्या पानमळ्यांची आठवण सहसा कोणी काढत नाही. परंतु टंचाईच्या दिवसांत खासगी विहिरीचे पाणी मळ्याला द्यायचे की गावाच्या घागरींना, हा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर या मळ्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत रामटेकच्या विड्याच्या पानांची नोंद आहे. हे मळे प्रामुख्याने बरई समाजाचे. नागपंचमीला पानवेलीलाच नागवेल मानून तिची पूजा करण्याची या समाजाची रीत. मळा म्हणजे उघडे शेत नव्हे. शेवगा, पांगारा, शेवरी अशा झाडांच्या आधाराने वेल चढवायची, भोवती ताट्यांचा आडोसा करायचा आणि आत सावली व ओल टिकवायची. वेलीला पाणी थोडे लागते, पण वरचेवर लागते. ज्वारी काही दिवस उपाशी राहू शकते. वैशाखातल्या विदर्भात पानवेल राहू शकत नाही. शिवाय ती एका हंगामाची नसते. एकदा लावलेला वेल अनेक वर्षे पाने देतो, म्हणून एका उन्हाळ्यात मळा वाळला तर अनेक वर्षांची कमाई जाते.

हे पाणी कुठून येई? जुन्या नागपूर-भंडारा पट्ट्यात पाण्याचे दोन प्रकार होते. पहिला तलावांचा. गावचा मालगुजार तलावाचा धनी असे; पण रयतेने त्यातून काय घ्यावे, याची गावरीत ठरलेली असे आणि ती 'वाजिब-उल-अर्ज' या दप्तरात लिहिली जाई. म्हणजे धनी असला तरी तो मुखत्यार नव्हता. दुसरा प्रकार विहिरींचा. तिथे मात्र कायद्याने फार लवकर हस्तक्षेप केला.

१८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम हा तो कायदा. त्याच्या कलम ७ च्या उदाहरणांत असे तत्त्व आहे की, निश्चित प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा अधिकार जमीनमालकाचा. आणि एक गमतीचा तपशील : हा कायदा आरंभी फक्त मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांत एवढ्याच भागांना लागू झाला. मुंबई इलाख्यात तो १८९१ मध्ये आला. विहिरीच्या पाण्यावरील मालकीचे हे लिखित तत्त्व अशा रीतीने पुण्याच्या ९ वर्षे आधी रामटेकला पोहोचले होते.

या तत्त्वाचे मूळ इंग्लंडमधले. १८४३ च्या 'ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल' या खटल्यात लँकेशायरमधल्या एका गिरणीची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली. न्यायालयाचे म्हणणे असे की, भूगर्भातले झरे कोणाला दिसत नाहीत, त्यांच्या वाटा कोणाला ठाऊक नाहीत. तेव्हा शेजाऱ्याला जबाबदार धरता येत नाही. त्या काळच्या ज्ञानाला हे शोभणारे होते. पुढे भूजलशास्त्राने या वाटा पुष्कळ उलगडल्या, पण अज्ञानावर उभारलेला नियम तसाच राहिला.

दरम्यान सरकारने उघड्या पाण्यावर हात ठेवला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर सिंचन आयोग नेमला गेला आणि मध्य प्रांतात सरकारी तलाव बांधले जाऊ लागले. सूर नदीवरचा रामटेकचा तलाव, म्हणजे आजची खिंडसी, याच पर्वातला. १९३१ च्या मध्य प्रांत सिंचन कायद्याने नद्या, नाले आणि नैसर्गिक जलसाठे यांवरील सर्व हक्क सरकारकडे घेतले. विहीर त्यातून सुटली.

ती दुसऱ्यांदा सुटली १९५१ मध्ये. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. मालगुजारी नष्ट करणारा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि गावोगावचे तलाव शासनाचे झाले. विदर्भात आज ज्यांना 'मामा तलाव' म्हणतात, ते हेच माजी मालगुजारी तलाव. पण त्याच कायद्याने कब्ज्यातल्या जमिनीवरील खासगी विहिरी मालकांकडेच ठेवल्या. मालगुजारीबरोबर गावरीतही ओसरली. तलावाची देखभाल कोणी करायची हे धूसर झाले, आणि बागायतदार आपापल्या विहिरीकडे वळला. पुढे विजेचे पंप आले. मोटेने दिवसभरात निघणारे पाणी तासाभरात निघू लागले आणि शेजारच्या पिण्याच्या विहिरीवर त्याचा परिणाम दिसू लागला.

कायद्याने याची दखल घेतली ती थेट १९९३ मध्ये. महाराष्ट्राच्या त्या वर्षीच्या भूजल अधिनियमाने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदण्यास मनाई केली. जिल्हाधिकाऱ्याने टंचाईक्षेत्र जाहीर केल्यास, अशा स्रोताच्या १ किलोमीटरच्या आतील विहिरीतून पाणी उपसण्यावर निर्बंध घालता येऊ लागले. मग ते पाणी संत्र्याला जात असो वा पानवेलीला. उभ्या पिकाच्या नुकसानीबद्दल भरपाईचीही तरतूद होती. इथेच खरी अडचण आहे. 'उभे पीक' ही कल्पना ज्वारी-गव्हाला नेमकी बसते. अनेक वर्षे जगणारी वेल एका मे महिन्यात गेली, तर तिचे मोल किती वर्षांचे धरायचे? घागर आधी, हे तत्त्व न्याय्यच आहे. पण त्याची किंमत ज्याच्याकडे विहीर आणि नाजूक पीक दोन्ही आहेत, त्या एकट्याने मोजावी, हे तितकेसे न्याय्य नाही.

प्रत्यक्षात हा कायदा फारसा वापरलाच गेला नाही. संजीव फणसळकर आणि विवेक खेर यांनी दशकभरानंतर घेतलेल्या आढाव्यात अंमलबजावणी क्षीण असल्याचे दिसले. उपसा थांबवण्यापेक्षा प्रशासनाला दुसरा मार्ग सोयीचा वाटला : विहीर अधिग्रहण. ऑक्टोबर ते जून या काळाचा टंचाई कृती आराखडा तयार होतो, तहसील पातळीवर विहिरी हेरल्या जातात, आदेश निघतो, मालकाला मोबदला मिळतो आणि पाणी गावाकडे वळते. २००९ चा नवा भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी बंदीची तरतूद आहे.

रामटेकचे पानमळे तोवर बरेच ओसरले होते. पाणी हे त्याचे एकच कारण नव्हे. वेलीवरची मर आणि बदललेली बाजारपेठ यांचाही त्यात वाटा आहे. १८८२ च्या अधिनियमातले कलम ७ मात्र अजून कायम आहे, आणि उन्हाळ्यात अधिग्रहित झालेल्या विहिरीची सातबाऱ्यावरची नोंद पावसाळ्यातही मालकाच्याच नावे राहते.