कानाने शिकायची भाषा : चिनीच्या अध्ययनाचा एक धागा

भाषा शिकणे म्हणजे आधी तिची लिपी शिकणे, अशी आपली समजूत असते. देवनागरीत वाढलेल्या मनाला ती स्वाभाविकही वाटते. पण 'जग' हा शब्द घ्या. 'हे जग' म्हणताना ज तालव्य असतो. 'सुखाने जग' म्हणताना तो दंततालव्य होतो. लिपी दोन्हींना एकच अक्षर देते. फरक आपण कानाने शिकलेलो असतो आणि तो शिकल्याचे आपल्याला स्मरतही नाही. मराठीत जे अपवादाने घडते, ते चिनीत पावलोपावली घडते. चिनी चिन्ह अर्थ सुचवते, पुष्कळदा उच्चाराचा अंधुक संकेतही देते. सूर मात्र सांगत नाही. आणि सुरावाचून तेथे शब्दच नाही. आजच्या प्रमाण चिनीत 'मा' हा एकच ध्वनी चार सुरांत अनुक्रमे आई, ताग, घोडा आणि शिवी देणे असे चार अर्थ धारण करतो. म्हणून परक्यांनी चिनी शिकण्याचा इतिहास हा बव्हंशी ऐकण्याचा इतिहास आहे. कानाचा हा अभ्यास कागदावर किंवा तबकडीवर साठवून दुसऱ्याच्या हाती देता येईल काय, हा त्या इतिहासातील कळीचा प्रश्न आम्हांला वाटतो.

युरोपीय जेझुइट धर्मोपदेशकांना हा प्रश्न सोळाव्या शतकाच्या अखेरीस पडला. मिकेले रुज्जेरी 1579 मध्ये मकावला पोहोचला, मात्तेओ रिच्ची 1582 मध्ये. त्यांच्या हाती ना व्याकरण होते, ना कोश. दोघांनी मिळून पोर्तुगीज-चिनी शब्दकोश रचायला घेतला, परंतु त्यात सूर नोंदवलेले नव्हते. शब्द कळत होता. तो म्हणावा कसा, हे कोशातून कळत नव्हते. ही उणीव भरून निघाली ती 1598 मध्ये, बीजिंगहून परतीच्या जलप्रवासात. सोबत लाझ्झारो कात्तानेओ होता आणि त्याला संगीताचे ज्ञान होते. इतरांना जो उच्चारातील केवळ चढउतार वाटत होता, त्यात त्याच्या कानाने पाच निश्चित सूर वेगळे केले आणि त्यांच्यासाठी पाच खुणा ठरवल्या. 1626 मध्ये निकोला त्रिगोने याच पद्धतीवर चिनी उच्चारांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या चिनी शीर्षकाचा आशय 'पाश्चात्त्य विद्वानांच्या कानांना आणि डोळ्यांना साहाय्य' असा आहे. कान आधी, डोळे नंतर. हा क्रम आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

खूण म्हणजे सूर नव्हे; ती ऐकलेल्याची आठवण असते. ज्याने ऐकलेच नाही त्याला ती मुकी. ही अडचण ध्वनिमुद्रणाने सुटेल, अशी आशा विसाव्या शतकात निर्माण झाली. आणि या वेळी शिकणारे परके नव्हते, खुद्द चिनीच होते. प्रांतोप्रांतीच्या बोली परस्परांना अनाकलनीय, म्हणून 1913 मध्ये बीजिंगला भरलेल्या परिषदेत राष्ट्रभाषेचे उच्चार मतदानाने ठरवण्यात आले. त्यांचा पाया उत्तरेकडचा होता. पण बीजिंगच्या बोलीतून लुप्त झालेला एक जुना सूरही त्यांत राखला होता. हे उच्चार लोकांच्या कानी पडावेत म्हणून 1921 मध्ये युएन रेन चाओ यांनी न्यूयॉर्कमध्ये तबकड्या मुद्रित केल्या. चाओ यांचा कान विलक्षण होता. बर्ट्रंड रसेल यांचे दुभाषी म्हणून चीनभर हिंडताना त्यांनी स्थानिक बोली अल्पावकाशात आत्मसात केल्या होत्या. तबकड्यांत दोष नव्हता. तरीही ती भाषा रुजली नाही, कारण ती कोणाच्याच घरात बोलली जात नव्हती. आपण त्या भाषेचे एकमेव भाषक होतो, असे पुढे चाओ विनोदाने म्हणत. अखेर 1932 मध्ये बीजिंगच्या जिवंत बोलीचे उच्चार प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले.

म्हणजे चाओ यांचा श्रवणावरचा विश्वास चुकीचा होता काय? तसे नाही. पुढे महायुद्धाच्या काळात हार्वर्डमध्ये अमेरिकी सैनिकांना चिनी शिकवताना त्यांनी त्याच विश्वासावर अभ्यासक्रम उभारला. त्यातून सिद्ध झालेल्या 1948 च्या पाठ्यपुस्तकात मुख्य पाठांपूर्वी पायाभूत पाठ आहेत. त्यांत सूर, अवघड ध्वनी आणि सुरांचे संधी यांचीच तयारी करून घेतली आहे. आधी कान तयार व्हावा, मग वाक्य यावे. आता मात्र त्या ध्वनींच्या मागे बोलणारा समाज उभा होता.

याची दुसरी बाजू महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या एका नावात दिसते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. युद्धभूमीवर तबकड्या कुठल्या? पण जखमी सैनिकांची विचारपूस, परिचारिकांना सूचना, गावकऱ्यांशी बोलणे हे रोजचेच होते. डिसेंबर 1942 मध्ये मृत्यू झाला तोवर ते चिनीत बोलत आणि शिकवतही होते. रुग्ण कुठे दुखते हे सांगत असताना वैद्याला कान देऊन ऐकावेच लागते. त्या ऐकण्यात आणि भाषेच्या अभ्यासात अंतर उरत नाही.

आज चिनीचा उत्तम उच्चार खिशातल्या फोनवर वाट्टेल तेव्हा ऐकता येतो. दररोज अर्धा तास ऐकण्याचा नेम निष्फळ जात नाही, हे कात्तानेओपासून चाओंपर्यंतचा अनुभव सांगतो. पण तबकडीतील माणूस आपल्याला प्रश्न विचारत नाही, आपला सूर चुकला तर गोंधळत नाही, हसत नाही. तो कानाला तयार करतो. त्या तयार कानाने कोणाचे ऐकायचे, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

मराठी शिकवणाऱ्या आम्हांला हा इतिहास दूरचा वाटत नाही. अमराठी विद्यार्थ्याच्या हाती बाराखडी दिली की भाषा दिली, असे मानण्याची आपली सवय जुनी आहे. दोन 'जग' मधला भेद त्याला बाराखडी सांगणार नाही. तो त्याच्याशी मराठीत बोलणाऱ्या माणसांकडूनच मिळेल, आणि नेमके तेथेच आपण चटकन हिंदीकडे वळतो.