कपाळाचे नाक

नवे नाक बसवण्याची ‘भारतीय पद्धत’ म्हणजे पुण्याची. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी (नाव पारशी वळणाचे, पण छापील वृत्तांत त्याला मराठा म्हणतो) टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावून बसला. त्याला नवे नाक दिले विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापली.

कारागिराने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बेतला, तो कपाळावर सपाट पसरला, कडेने रेघ मारली आणि तेवढी कातडी सोलली. भुवयांमधली पट्टी मात्र अखंड ठेवली. रक्त तिच्यातूनच येणार होते. मग कातडी पिळून खाली वळवली आणि पाण्यात कालवलेल्या काताने चिकटवली. हो, विड्यातलाच कात! चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या चिंध्या.

कॅन्सरमुळे नाक गमावलेल्यांना आजही हीच युक्ती तारते. पट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात; तोवर भुवयांमध्ये मांसाचा पूल घेऊन वावरावे लागते, हे रुग्णाला आधी ठाऊक हवे.

नुसते नाक रेखीव करून घेण्याची शस्त्रक्रिया वेगळी. तिथे कपाळाला हात लागत नाही, पण सूज पुरती उतरायला वर्षही लागते. — संपा.