निवृत्त नेत्रवैद्याचे डोळे

शस्त्रवैद्याच्या हातांतून शस्त्र गेलें कीं बहुधा त्याच्या चरित्रकाराची लेखणीही थांबते. लंडनचे नेत्रवैद्य हॅरोल्ड रिडले यांची कथा मात्र निवृत्तीनंतरच खरी रंगते.

पूर्वीं मोतीबिंदु काढला म्हणजे डोळ्यांतील नैसर्गिक भिंगही जाई आणि रुग्णाच्या नाकावर जाडजूड चष्मा बसे. दुसऱ्या महायुद्धांत विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. ते तसेच राहिले तरी डोळा सहसा चिडत नसे, हें रिडले यांनीं हेरलें होतें. पुढें एका विद्यार्थ्यानें शस्त्रक्रिया पाहतां पाहतां विचारलें कीं, काढलेल्या भिंगाच्या जागीं दुसरें कां बसवीत नाहीं? (असे प्रश्न बहुधा मागच्या बाकावरून येतात, हा माझा जुना अनुभव!) २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं सेंट टॉमस रुग्णालयांत रिडले यांनीं एका ४५ वर्षांच्या स्त्रीवर या प्रयोगाची पहिली शस्त्रक्रिया केली.

सुमारें दीड वर्ष ही गोष्ट गुप्त होती. जुलै १९५१ मध्यें ऑक्सफर्डच्या परिषदेंत त्यांनीं आपले रुग्ण उभे केले, तेव्हां नेत्रवैद्यांचे अग्रणी सर स्टुअर्ट ड्यूक-एल्डर यांनीं ते डोळे तपासण्याचेंही नाकारलें. टीकाकारांची भीति सर्वस्वीं निराधार होती असें म्हणवत नाहीं. तें पहिलें भिंग जड होतें, कधीं कधीं जागेवरून घसरे. पण तपासून नाकारणें निराळें आणि न पाहतांच नाकारणें निराळें.

१९७१ सालीं रिडले रुग्णालयांतून निवृत्त झाले, तेव्हांही बहुतेक समव्यवसायी विरोधांतच होते. ते विल्टशायरमधील खेड्यांत राहूं लागले. गळ टाकून मासे धरण्याचा त्यांना मोठा छंद. इकडे दुसऱ्या शस्त्रवैद्यांनीं भिंग हलकें केलें, त्याची बैठक सुधारली. १९८१ सालीं अमेरिकेच्या सरकारी औषधखात्यानें मान्यता दिली. १९८६ सालीं रॉयल सोसायटीनें रिडले यांना सभासद करून घेतलें, आणि २००० सालीं, वयाच्या ९३ व्या वर्षीं, 'सर' ही पदवी मिळाली. आज आपल्याकडील आजीआजोबाही हें भिंग बसवून घेऊन निर्धास्तपणें वर्तमानपत्र वाचतात.

मला मात्र पदव्यांहून एक गोष्ट मोठी वाटते. उतारवयांत खुद्द रिडले यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदु आला. ते सेंट टॉमस रुग्णालयांतच गेले, रुग्ण म्हणून पडून राहिले, आणि त्यांच्या मागून आलेल्या शस्त्रवैद्यांनीं त्यांच्या दोन्ही डोळ्यांत भिंगें बसविलीं.