सुगरणीचा खोपा आणि किहीमची नोंदवही

पावसाळ्यात पेण-रोह्याकडे भातखाचरांच्या कडेला, विहिरीवर झुकलेल्या झाडांना सुगरणीचे खोपे लोंबताना दिसतात. हे सारे विणकाम एका चोचीचे. भाताच्या पात्याला चोचीने खाच पाडायची, कड पकडायची आणि उडायचे. पाते उभे फाटते व लांब धागा निघतो. अशा शेकडो फेऱ्यांनंतर खोपा तयार होतो.

नाव सुगरण असले, तरी विणणारा असतो नर. मग एकाच झाडावर कित्येक खोपे अर्धवट का? ते नराला बसण्यासाठी असावेत, अशी जुनी समजूत होती. तिचा निकाल पेणशेजारच्या अलिबाग तालुक्यात लागला.

१९३० साली सालिम अली जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून परतले, तेव्हा मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधील त्यांची जागा पैशांअभावी रद्द झाली होती. बेकार अवस्थेत ते किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. शिडीवर कापडी आडोसा करून ते तासन्‌तास बसत आणि दिसेल ते टिपून ठेवत.

खोपा शिरस्त्राणाच्या आकाराचा झाला, की नर पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून खोपा तपासते. पसंत पडला तरच जोडी जमते आणि नर तो पुरा करतो. मादी अंड्यांवर बसली, की हा शेजारी दुसरा खोपा विणू लागतो, दुसऱ्या मादीसाठी! नापसंत खोपे अर्धवटच राहतात. हे निष्कर्ष १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्याआधी १९२२ मध्ये नॉर्वेच्या श्येल्डरूप-एब्बे यांनी कोंबड्यांविषयी असेच काम प्रसिद्ध केले होते. कोणती कोंबडी कोणाला टोचते, याच्या नोंदींतून त्यांना कळपातील मानाची उतरंड सापडली.

दोघांनाही महागडी उपकरणे लागली नाहीत. लागली ती चिकाटी, आणि ऐकीव उत्तर बाजूला ठेवण्याची तयारी. प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान शिकवता येत नाही, असे आपण शिक्षक अनेकदा म्हणतो. आम्हाला वाटते, एकदा वर्गाला अंगणातल्या कोंबड्यांपुढे वही घेऊन बसवावे. दाणे टाकावेत. कोण कोणाला टोचते, कोण मागे सरते, हे आठवडाभर लिहू द्यावे. उतरंडीचे नाव मात्र आधी सांगू नये. ती मुलांनाच सापडू द्यावी.