पातेगळ

आमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात, खडूच्या खोक्यांमागे, वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘मराठी शब्दरत्नाकर’ असायचा. पुठ्ठा सुटलेला, शिवण उसवलेली. जळगाव जिल्ह्यातली आमची दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, पहिली ते चौथी. मी तिथं अकरा वर्षं होते. कोश काढला की मी मुलांना सांगायची, एवढे शब्द गोळा करणारा माणूस आपल्या धरणगावात जन्मला. मुलं कोशाकडे बघायची, माझ्याकडे बघायची, आणि मग कोश हातात घ्यायला भांडायची.

आपट्यांचा जन्म १८७१ सालचा. १९०६ मध्ये त्यांनी पुण्यात मुलांसाठी ‘आनंद’ मासिक सुरू केलं, १९२२ मध्ये ‘शब्दरत्नाकर’ आला. मधल्या काळात म्हणी आणि वाक्संप्रदाय गोळा करून झाले होते. मुलांना गोष्टी सांगणारा आणि शब्द वेचणारा माणूस एकच, याचं मला फार अप्रूप वाटतं. शाळेत आपण ही दोन कामं वेगळी केली. शब्दार्थ पाठ करण्याचा तास निराळा आणि निबंधाचा निराळा. मुलाला काही सांगायचं असतं तेव्हाच त्याला शब्द लागतो, ही साधी गोष्ट त्या वाटणीत हरवली.

लेखनाला बक्षीस लावण्याची रीत मराठीत जुनी आहे. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजी अमलात, १८४९ मध्ये, पुण्यातल्या काही सुधारकांनी अर्ज केला की त्यातला पैसा मराठीत पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा. लोकहितवादी त्यात होते. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीपुढे ठेवलं आणि ते नाकारलं गेलं. कुणाचं लिहिणं बक्षिसाला पात्र, हा तंटा तेव्हापासूनचा.

त्याच वर्षी ‘ज्ञानोदय’ने फुल्यांच्या शाळेतल्या एका मुलीचा निबंध दोन अंकांत छापला. मुक्ता साळवे तिचं नाव, विषय मांग-महारांचं दुःख. तिला लिहायला-वाचायला शिकून फार दिवस झाले नव्हते. तरी डोक्यावर छप्पर नसताना आपल्या बाया थंडीपावसात बाळंत होतात, हे तिनं लिहिलं, आणि ते वाचताना शब्द कुठं कमी पडल्यासारखा वाटत नाही. मराठीतल्या शाळकरी निबंधाचा इतिहास मी तिच्यापासून मोजते.

पुढं काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलं आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ काढली ती मोठ्यांशी वाद घालायला. पण निबंधमाला हे नाव पुढं तयार निबंधांच्या पुस्तकांनाही चिकटलं. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त’, ‘सूर्य उगवला नाही तर’. विषय वाईट नाहीत. छत्रीला बोलतं करायचं म्हणजे केवढी कल्पना लागते! पण वाडीवरचा मुलगा आणि दादरचा मुलगा दोघेही ‘काळ्याकुट्ट ढगांनी आकाश भरून आले’ असंच लिहू लागले, तेव्हा त्या वाक्यातला पाऊस आटला. दोघांनीही ते कुठून तरी पाठ केलेलं असायचं.

आमच्याच जिल्ह्यात याहून वेगळं घडून गेलं होतं. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा ते मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढायचे. छापखाना नाही, वर्गणी नाही. सकाळी उठून मुलांनी वाचायचं, कारण त्यात त्यांच्याविषयी लिहिलेलं असायचं. हे कळल्यावर मी आमच्या शाळेत दर शनिवारी हस्तलिखित सुरू केलं. चार एकरेघी कागद, सुईदोऱ्यानं टाचलेले.

त्यातूनच आमची स्पर्धा निघाली. विषय आधी सांगायचा नाही. एका कापडी पिशवीत एक वस्तू ठेवायची, मुलांनी न बघता हात घालून चाचपायची आणि लिहायला बसायचं. कधी विळ्याची मूठ, कधी सरकी, एकदा लग्नातलं बाशिंग. सुंदर अक्षराला गुण नव्हते. कोशातून नवा शब्द शोधून बरोबर वापरला तर एक गुण, घरातून आणलेला आणि वर्गात कुणाला ठाऊक नसलेला शब्द वापरला तर दोन. मुलं आजीला जाऊन विचारू लागली. बैलगाडीच्या भागांचीच नावं एका आठवड्यात फळाभर जमली. अहिराणी बोलणारी, वर्गात गप्प बसणारी मुलं या दोन गुणांसाठी पुढं सरसावली. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मुलांच्या घरच्या बोलीला शाळेत मान दिला, त्याविषयी मी नंतर वाचलं आणि धीर आला.

एका सप्टेंबरात चौथीतला एक मुलगा मोठ्या स्पर्धेला गेला. विषय होता ‘पाऊस’. त्यानं सातच ओळी लिहिल्या. पाऊस आठ दिवस थांबला नाही, पातेगळ झाली, बाबा वावराच्या बांधावर बसून राहिले, आईनं दिवाळीचं नाव काढलं नाही. परीक्षकांनी ‘वावर’ला लाल गोल केला होता. ‘पातेगळ’ खोडून वर ‘पानगळ’ लिहिलं होतं. शुद्धलेखनाचे गुण कापले होते.

मी तो कागद त्याला दाखवला. तो म्हणाला, “बाई, पानं नाही गळाली.” दुसऱ्या दिवशी त्यानं खिशातून एक पातं आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. कपाशीची कळी ती, तीन हिरव्या झालरींत मिटलेली, बोटाच्या पेराएवढी. वावरात पाणी साचून राहिलं की ही देठापासून सुटून खाली पडते. तिचं फूल होत नाही, फुलाचं बोंड होत नाही, वेचणीला काही उरत नाही. पानगळ झाली तर झाड पुन्हा पालवतं. पातेगळ झाली की त्या घराचं वर्ष बुडतं. हा सगळा अर्थ त्या मुलाच्या एका शब्दात होता आणि तो लाल शाईखाली गेला. त्याला उत्तेजनार्थसुद्धा बक्षीस मिळालं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या शनिवारी आमच्या हस्तलिखिताचं पहिलं पान त्या सात ओळींचं होतं. कागदाच्या कोपऱ्यात मुलांनी ते पातं दोऱ्यानं टाचलं. दोन दिवसांत ते काळं पडलं, पण शब्द सगळ्या वर्गाला कायमचा कळला. तिसरीतल्या मुलीसुद्धा ‘पातेगळ’ वाक्यात वापरू लागल्या.

दर वर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, गावोगाव निबंध स्पर्धा होतात. त्या भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. प्राथमिकच्या मुलांना विषय आठ दिवस आधी देऊ नका, तो घरात मोठ्यांच्या हातून लिहून येतो. आणि तपासायला बसाल तेव्हा एखादा शब्द अनोळखी वाटला, तर लाल पेन उचलण्याआधी त्या मुलाला बोलावून त्याचा अर्थ विचारा.