एक साल, दोन जिभा

गेल्या वर्षीची गोष्ट. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना आठवीतल्या एका मुलाच्या निबंधाला मी २० पैकी ९ गुण दिले. वडिलांनी फेरतपासणीची विनंती केली, म्हणून तीच उत्तरपत्रिका मराठीच्या दुसऱ्या शिक्षकांकडे गेली. त्यांनी तिला १६ दिले! आम्ही दोघेही वर्षानुवर्षे खडू झिजवलेले. त्या मुलाशी आमच्यापैकी कोणाचे वैर नाही की लोभ नाही. पण मुलगा दोन्ही आकडे घेऊन माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मग मी नक्की लिहितो तरी कसा?"

मला उत्तर सुचले नाही. पुढे दिवाळीच्या सुटीत फ्रान्समधल्या तांबड्या वाइनचा इतिहास वाचीत बसलो होतो, तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या वेषात समोर आला. सुज्ञ वाचकांनी भुवया उंचावण्यापूर्वीच सांगून टाकतो, की या पेयाचा थेंबही मी चाखलेला नाही. आमच्या घरी द्राक्षे येतात ती नाशिकची, आणि ती ताटलीतच संपतात. परंतु बरणीतले लोणचे कसे मुरते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही हकीकत समजायला अडचण पडू नये.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गारोन नदीच्या काठी बोर्दो नावाचे शहर आहे. पुढे गारोन आणि दोर्दोन्य या नद्या एकत्र होऊन समुद्राला मिळतात. डाव्या तीराकडची जमीन गोट्यांची. तिथे काबर्ने सोव्हिन्यों जातीचे काळे द्राक्ष चांगले पिकते. उजव्या तीराकडे चिकणमाती आणि चुनखडी. तिथे मेर्लोचे राज्य. १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा बोर्दोच्या दलालांनी तिथल्या तांबड्या वाइनची पाच वर्गांत प्रतवारी लावून दिली. कसोटी कोणती? तर बाजारात मिळणारा भाव! ही यादी आजतागायत चालत आली आहे. एका मळ्याला १९७३ साली दुसऱ्या वर्गातून पहिल्यात बढती मिळाली, तीच काय ती मोठी घडामोड.

इथल्या विक्रीची रीत मोठी मजेची आहे. द्राक्षांची काढणी होते पावसाळ्याच्या अखेरीस, आपल्या पितृपंधरवड्याच्या सुमारास. रस आंबवून ओकच्या लाकडाच्या पिंपांत भरून ठेवतात. बाटलीत जायला अजून वर्ष-दीड वर्ष अवकाश असतो आणि खरी चव यायला दहा-वीस वर्षे. पण पुढच्या वसंतातच व्यापारी आणि समीक्षक येऊन पिंपातला नमुना चाखतात आणि सौदे ठरतात. म्हणजे लोणचे घातल्यावर चौथ्या दिवशी बरणीत बोट बुडवून चाटायचे, आणि मुलीच्या लग्नात ते कसे लागेल हे सांगायचे! हा निकाल म्हणजे निम्मे भाकीतच.

१९८२ चा हंगाम असाच भाकितापुढे उभा राहिला. त्या वर्षी ऊन सढळ पडले. सप्टेंबरात तर उष्माच झाला. द्राक्षे गोड पिकली आणि पीकही भरघोस आले. १९८३ च्या वसंतात पिंपे उघडली, तेव्हा आतली वाइन मऊ, रसाळ, तोंडात भरून राहणारी निघाली. जुन्या जाणत्यांचा अनुभव असा, की बोर्दोची थोर वाइन तरुणपणी तुरट नि करडी असते, आणि तो तुरटपणाच तिला म्हातारपणापर्यंत सांभाळतो. मग ही आत्ताच इतकी लाघवी कशी?

सॅनफ्रान्सिस्कोचा रॉबर्ट फिनिगन हा त्या वेळचा अमेरिकेतला वजनदार समीक्षक. त्याला हे साल पसंत पडले नाही. आंबटपणा कमी, घडण सैल. ही वाइन टिकणार नाही, असा त्याचा अभिप्राय. उलट मेरीलँडचा रॉबर्ट पार्कर हा ३५ वर्षांचा वकील म्हणाला, की हे साल अपूर्व आहे! पार्कर दिवसा नोकरी करी आणि १९७८ पासून घरच्या घरी एक समीक्षापत्र काढी. त्यात जाहिरात घेत नसे. त्याचे म्हणणे असे, की तुरटपणा भरपूर आहे, तो फळाच्या गरात झाकला गेला आहे इतकेच.

नमुने त्याच हंगामाचे. दोघेही प्रामाणिक. फिनिगन समोरच्या पेल्याला आधीच्या सालांच्या मापाने मोजत होता, आणि ते माप कैक पिढ्यांनी खरे ठरवलेले होते. पार्करने ते माप जरा बाजूला ठेवले. पुढे घडले ते पार्करच्या बाजूने. डॉलर तेव्हा फ्रँकच्या तुलनेत भलताच वधारला होता. अमेरिकन गिऱ्हाइकांनी खरेदीची झुंबड उडवली. १९८४ साली पार्करने वकिली सोडली. लातूर नावाच्या मळ्याच्या १९८२ च्या वाइनला (आपल्या मराठवाड्यातल्या लातूरशी तिचा काही संबंध नाही!) त्याने पुढे १०० पैकी १०० गुण दिले, आणि मातब्बर मळ्यांच्या त्या सालच्या बाटल्या ४० वर्षांनंतरही रसिकांना तृप्त करीत राहिल्या.

इथे माझ्यातला शाळामास्तर जागा झाला. १०० पैकी गुण देण्याची ही पद्धत पार्करने उचलली होती ती अमेरिकन शाळांतून. तो गुणांबरोबर लांबलचक वर्णनही लिहीत असे, आणि वर्णन आधी वाचा, असे सांगतही असे. पण दुकानदारांच्या पाट्यांवर चढला तो आकडा. वर्णन मागे राहिले. बोर्दोचे मळेवाले भाव ठरवण्याआधी पार्करच्या आकड्याची वाट पाहू लागले. काहींनी तर त्याला रुचेल अशीच, गडद आणि अतिपक्व द्राक्षांची वाइन करायला घेतली. ज्याने जुने माप बाजूला सारले, तोच वीस वर्षांत नवे माप होऊन बसला.

मग आले २००३. त्या ऑगस्टात फ्रान्समध्ये असा उन्हाळा पेटला, की सुमारे १५,००० माणसे दगावली. मळ्यांतली द्राक्षेही भाजून निघाली. उजव्या तीरावर सेंत-एमिलियोंच्या चुनखडीच्या उतारावर पावी नावाचा मळा आहे. तो १९९८ साली जेरार पेर्स या गृहस्थाने घेतला होता. २००४ च्या वसंतात पावीच्या नव्या वाइनवर पार्कर बेहद्द खूश झाला. त्याचा अंदाज ९६ ते १०० गुणांचा. इंग्लंडच्या जॅन्सिस रॉबिन्सनबाई २० पैकी गुण देतात. त्यांनी त्याच वाइनला १२ दिले, आणि त्यांच्या लेखी १२ म्हणजे सदोष. बोर्दोची वाइन अशी नसावीच, इतकी ती त्यांना अतिगोड आणि अतिपक्व वाटली. पार्करने सुचवले, की बाईंच्या मनात पावीविषयी आधीच अढी आहे. बाई म्हणाल्या, मी नाव झाकून चाखली; आणि मला माझे स्वतःचे मत असायला परवानगी नाही काय? दोन्ही बाजूंना नामवंत पाठीराखे मिळाले, आणि ते भांडण जगभर गाजले. २०१२ साली पावीला सेंत-एमिलियोंच्या सर्वोच्च श्रेणीत बढती मिळाली; तरी पावीच्या २००३ विषयी रसिकांचे एकमत काही झाले नाही.

१९८२ चा निवाडा काळाने केला, असे म्हणता येते. २००३ चा काळालाही करता आला नाही. पहिला वाद होता वाइन टिकेल की नाही याचा. तो पाहून मिटतो. दुसरा वाद, बोर्दोच्या वाइनने कसे असावे, याचा होता. तो बाटली कितीही वर्षे ठेवली तरी मिटायचा नाही. आणि हा फरक ९६ किंवा १२ या आकड्यांत कुठेच दिसत नाही. तो दिसतो त्यांच्याखालच्या ओळींत.

सुटी संपल्यावर मी त्या मुलाला हाक मारली. म्हटले, "अरे, तुझ्या निबंधाला शेवटच नव्हता, म्हणून माझे ९. आणि त्या सरांना तुझे पावसाचे वर्णन आवडले, म्हणून त्यांचे १६. मी त्यांना विचारून आलोय."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग दप्तरातून वही काढून म्हणाला, "सर, हे यात लिहून द्याल?"

मी दोघांचीही कारणे लिहून दिली. वाइनचे समीक्षक आपल्या अभिप्रायाखाली कधी चाखली ती तारीख घालतात, ते आठवले. मीही सहीखाली तारीख घातली. वीस वर्षांनी ती वही त्याच्या हाती लागली, तर माझे मत कोणत्या सालचे होते, एवढे तरी त्याला कळेल.